दोन म्हणजे कशाचे

चकती बोटांत घेतली की अजूनही फसायला होतं... डोळ्यांना ती धातूची दिसते, करडी, काठाला किंचित काळवंडलेली, मोठ्या नाण्याएवढी, आणि हात आपसूक धातूच्या वजनाची तयारी करतो, मनगट थोडं घट्ट होतं, आणि मग ते वजन येतच नाही, हात उगाच वर जातो. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. इतक्या वर्षांनीही. आपण ओतलेला धातू आपल्यालाच अजून फसवतो याचा तिला, खरं सांगायचं तर, अभिमानच वाटे. खिडकीच्या कठड्यावर कागद दाबून ठेवायच्या कामाला तिनं ती चकती लावली होती आणि त्या कामात चकती पार कुचकामी होती. जरा वारा आला की कागद आणि चकती दोन्ही खाली. "एवढी हुशार, आणि एक कागद धरवत नाही," असं नवरा म्हणायचा. हे चकतीला की आपल्याला, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

आज तिनं चकती रुमालानं पुसली. पुसायचं कारण काही नव्हतं. चकतीला कुणी बोलावलेलं नव्हतं. बोलावलेलं होतं तिला. आज वकीलबाईंकडे तालीम आणि परवा सुनावणी. तालीम हा शब्द वकीलबाईंचाच — "साक्षीच्या आधी एकदा तालीम करून घेऊ, मॅडम, ऐनवेळी गडबड नको" — आणि फोन ठेवल्यावर तिनं कपाटातला निळा कोट काढून त्याची बटणं तपासली होती.

प्रकरण सांगायला सोपं होतं. शेजारणीला, धाकट्या जावेला आणि दाताच्या डॉक्टरलासुद्धा तिचं सांगून झालं होतं, डॉक्टरला तर स्वतः आ वासून बसलेली असताना, जमेल तेवढं. मॅग्नेशियम हलकं, सगळ्यांना हवंहवंसं, पण वितळलेल्या मॅग्नेशियमला हवा लागली की ते भडकतं, हे ओतकाम करणारा कुणीही सांगेल. एका कंपनीनं न भडकणाऱ्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं: मॅग्नेशियमच्या शंभर भारात इट्रियम नावाचा महागडा धातू सहा ते आठ भार, वजनानं, शिवाय थोडं जस्त. दुसऱ्या कंपनीला, म्हणजे वकीलबाईंच्या पक्षाला, तोच धातू ओतायचा आहे आणि ती म्हणते, हा शोध तुमचा नव्हेच, हे आधीच छापलेलं आहे. कुठे? एका संस्थेच्या वार्षिक अंकात, चार पानांच्या एका लेखात, ज्याच्यावर एकच नाव होतं. तिचं. आणि त्या लेखात सूत्र होतं ते एवढंच — मॅग्नेशियम, दोन इट्रियम, एक जस्त. दोन कशाचे, ते लिहिलेलं नव्हतं. शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅम असं धरलं तर तो धातू वेगळाच, पेटंटच्या वाटेलाही न जाणारा. पण शंभर अणूंमध्ये दोन अणू असं धरलं तर, इट्रियमचा अणू भारी, मॅग्नेशियमचा हलका, वजनानं त्याच दोनाचे जवळजवळ सात होतात. सात म्हणजे सहा-आठच्या बरोबर मधोमध. म्हणजे पेटंट गेलं, आणि तो धातू जगात सगळ्यांत आधी ओतला तो तिनं.

मी. माझ्या हातांनी, भोकं पडलेले हातमोजे घालून.

अभिमान ही गोष्ट लोकांनी उगाच बदनाम करून ठेवली आहे असं तिचं मत होतं. गर्वाचं घर खाली म्हणतात. असेल, पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथं ऊन चांगलं येई. चार पानांचा तो लेख छापून आला तेव्हा एकानंही त्याची दखल घेतली नाही. तिचे सर गेले, त्यांची प्रयोगशाळा मोडली, भट्टी कुणीतरी भंगारात काढली, आणि ती एका मोठ्या इमारतीत बसून जन्मभर दुसऱ्यांच्या धातूंना दाखले देत राहिली — हा तुटणार नाही, हा वाकेल, हा घेऊ नका. त्याचंही तिला वाईट वाटलं नव्हतं, निदान रोज तरी वाटलं नव्हतं. पण तीन महिन्यांमागे एक अनोळखी बाई फोनवर म्हणाली, "मॅडम, आम्हाला असं वाटतं की तुम्ही जगात पहिल्या आहात," तेव्हा आवाज नीट येत नाही असं खोटंच सांगून तिनं ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

आणि ते दोन अणूंचेच होते, त्यात शंका कुणाला? त्या प्रयोगशाळेत तरी नव्हती. सरांना सगळे मोजणीसर म्हणत, कारण वजनाचा उल्लेख झाला की ते कानात पाणी गेल्यासारखं डोकं हलवत. "वजन भाजीच्या दुकानात. इथे डोकी मोजायची." धातू एकमेकांशी जुळतात ते अणूला अणू भिडून, तराजू बघून नव्हे, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून तिथं कुणी कधी आकड्यापुढे काही लिहीत नसे. घरातल्या माणसाला हाक मारताना आपण आडनाव लावतो का? आणि नवीन आलेल्यानं चुकून विचारलंच, "सर, हे वजनानं का अणूंनी?" तर त्या दिवशीच्या सगळ्या मुशी, धातू वितळवायची ती भांडी, त्यानं घासायच्या, तळाला चिकटलेली मळी खरवडून, नखं काळी होईपर्यंत. तसा रिवाजच होता. तिच्यावर ती पाळी एकदाही आली नाही. विचारावं लागलंच नाही कधी... पहिल्या दिवसापासून कळत होतं. सर ते सगळ्यांना सांगत, आणि ती मान खाली घालून ऐके, ती लाजून नव्हे तर हसू दिसू नये म्हणून.

"चहा निवतोय, बाई," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

तो तिला बाई म्हणतो. पहिल्या भेटीत म्हणाला होता ते तसंच राहिलं. तो टेबलाशी बसला होता, चष्मा कपाळावर, हातात पावाचा तुकडा, आणि डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी ती मोकळी जागा... तिनं तिथं पाहिलं आणि लगेच चहात पाहिलं. गेले तीन महिने असंच चाललं होतं. आधी ती जागा दिसायचीच नाही, पायाखालच्या फरशीसारखी; आता ती भुवई खोलीत शिरते आणि मागून तो शिरतो.

कारण त्या भुवईची गोष्ट या घरातली सगळ्यांत जुनी गोष्ट होती. पाहुणे आले, जेवणं झाली, की कुणीतरी म्हणायचंच, "भुवईचं सांगा ना," आणि मग दोघं मिळून सांगायची, दोघांची वाक्यं ठरलेली. तो तेव्हा एका ओतशाळेत तपासनीस होता. कुणीतरी रद्दीत काढलेला संस्थेचा अंक त्याच्या हाती पडला, त्यानं ती चार पानं वाचली, ओतशाळेच्या मालकाच्या हातापाया पडून जरासं इट्रियम मिळवलं, आणि शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम असं तोलून एक छोटी मूसभर धातू वितळवला. न भडकणारा धातू म्हणून त्यानं झाकण काढलं, वाकून पाहिलं, आणि तो भडकला. दुसऱ्या दिवशी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बस बदलून तो प्रयोगशाळेच्या दारात उभा, अर्धी भुवई जळालेली, त्यावर पिवळं मलम, हातात गुंडाळी केलेला अंक. "बाई," तो म्हणाला होता, "हे दोन म्हणजे कशाचे दोन?" अख्खी प्रयोगशाळा हसली. ती सगळ्यांत मोठ्यानं. आणि मग तिनं रिवाजाप्रमाणे त्याच्या हातात ब्रश दिला आणि मुशींकडे बोट दाखवलं, आणि या माणसानं, जो तिथला कुणीही नव्हता, बाह्या सारल्या आणि सगळ्या मुशी घासल्या. "हिनं लिहिलं चुकीचं," तो इथं म्हणायचा. "यानं वाचलं चुकीचं," ती म्हणायची. आणि नणंदेचं वाक्य शेवटी, लग्नाच्या वेळचं, "भुवई भरून येईपर्यंत फोटो तरी काढू नका गं!" की सगळे पोट धरून हसायचे. भुवई भरून आलीच नाही.

वकीलबाईंचा फोन आल्यापासून ही गोष्ट घरात कुणी सांगितली नव्हती. ठरवून नव्हे. मागच्या आठवड्यात शेजारी आले तेव्हा त्यांच्या मुलीनं विचारलंसुद्धा, आणि तो एकदम म्हणाला, "अरे, पाऊस येईलसं वाटतं," आणि खिडक्या लावायला उठला. आभाळात ढग नव्हता.

"सोडायला येतो," तो आता म्हणाला. "मला त्या बाजूला चष्म्याची काडी नीट करून घ्यायची आहे."

"चष्म्याचं दुकान इथे खाली आहे."

"तिथला माणूस मला आवडत नाही."

तिनं कोट घातला. चकती आधी कठड्यावर ठेवली, मग उचलून कोटाच्या खिशात टाकली.

वकीलबाईंचं कार्यालय काचेचं होतं. म्हणजे भिंती विटेच्या, पण आतल्या खोल्यांना काचा, त्यामुळे कोण कुणावर रागावलं आहे हे सगळ्यांना दिसे, ऐकू मात्र येत नसे. वकीलबाई तिच्या लेकीच्या वयाच्या, केस आखूड, बोलताना पेनचं टोपण काढायची-घालायची सवय. त्यांनी तिला हात धरून बसवलं. तो बाहेरच्या खुर्चीत बसला. चष्म्याच्या काडीचं नावही निघालं नाही.

"आज मी समोरच्या पक्षाचा वकील," वकीलबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. मी जरा खवचट बोलेन."

"बोला की. मी कमी ऐकून घेतलेलं नाही आयुष्यात."

"पहिली गोष्ट. तुम्हाला विचारतील, या सूत्राचा अर्थ काय. तुम्ही काय म्हणाल?"

"दोन अणू. मीच लिहिलंय, मला माहीत आहे."

वकीलबाईंनी टोपण घातलं. "हेच नको, मॅडम. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते कायदा विचारत नाही. कायद्याला लिहिणारा नको असतो, वाचणारा हवा असतो. त्या काळी त्या विषयातला एखादा सर्वसाधारण जाणकार माणूस, त्यानं तो लेख वाचला असता तर त्याला काय कळलं असतं, एवढाच प्रश्न."

"सर्वसाधारण?"

"म्हणजे फार हुशार नाही, अगदी ढ पण नाही. विषय माहीत असलेला, छापलेलं मन लावून वाचणारा, सांगितलंय तसं करून बघणारा. स्वतःचं डोकं फार न लावणारा. असा माणूस खरा नसतोच, आम्ही आपला मनानं उभा केलेला."

ती हसली, कारण हसायला हवं होतं. उभ्या आयुष्यात तिला कुणी सर्वसाधारण म्हटलं नव्हतं आणि आता त्या भूमिकेतून बोलायचं म्हणजे... आणि हे मनात येत असतानाच तिची नजर काचेपलीकडे गेली. तो खुर्चीत नीट टेकून न बसता पुढे सरकून बसला होता, तिथल्या टेबलावरचं आग लागल्यास काय करावे याचं पत्रक वाचत होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, मग त्यानं पान उलटून मागेही काही छापलं आहे का ते पाहिलं, आणि मग उठून, पत्रकात लिहिल्याप्रमाणे, बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे तो जाऊन बघून आला.  आपल्याला हसू येतंय असं तिला आधी वाटलं.

पुढचा तासभर चांगला गेला. छानच गेला. वकीलबाई खवचटपणा करत होत्या आणि ती एकेक चेंडू परत करत होती. तिसऱ्या पानावर मी घनता दिली आहे, दोनचा अर्थ वजन घेतला तर ती घनता येतच नाही, गणित करून बघा, आत्ता करते, कागद द्या. त्या प्रयोगशाळेतले आधीचे लेख बघा, सगळीकडे अणूच. आकडे तिच्या तोंडून असे येत होते की जणू तीन दशकं मध्ये गेलीच नाहीत. वकीलबाईंनी एकदा टोपण टेबलावर ठेवलं आणि नुसतं पाहत राहिल्या. "तुम्ही आधी का नाही भेटलात हो आम्हाला?" त्या म्हणाल्या. तिला खूप बरं वाटलं. वाटलं ते वाटलं, लपवायचं कशाला? सर असते तर म्हणाले असते, बघा, हिला मुशी घासाव्या लागल्या नाहीत कधी.

"आता शेवटचा," वकीलबाई म्हणाल्या, आवाज पुन्हा त्या दुसऱ्या वकिलाचा करून. "बाई, तुमचं म्हणणं की जाणकार माणूस हे अणूंनीच वाचेल. ठीक. मग सांगा, त्या काळी तुमच्या क्षेत्रातल्या कुणीही हे सूत्र वजनानं वाचल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

काचेपलीकडे त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला होता. चष्मा नसला की ती जागा जास्तच दिसते.

"इथं 'नाही' म्हणायचं," वकीलबाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे, नसेल माहीत तर. तुमच्या लेखाला वाचकच नव्हते, मॅडम, माफ करा, पण कुणी उल्लेखसुद्धा केलेला नाही. म्हणून तर हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे."

"आणि माहीत असेल तर?"

टोपण मध्येच थांबलं. "तर मग सगळंच अवघड. कल्पनेतला माणूस एकीकडे, पण खरोखरच्या एखाद्या जाणकारानं, तेव्हा, वाचून, वजनानं घेतलं असेल..." त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आहे का असं कुणी?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? अर्धा श्वास. तिच्या जिभेवर ते तयार होतं, आणि त्यात खोटं तरी काय होतं — तो प्रयोगशाळेचा नव्हता, लेख लिहिणाऱ्यांतला नव्हता, ओतशाळेतला एक तपासनीस. त्याला जाणकार म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे, वकील त्यावर आठवडाभर भांडतील... पण तो जाणकार होता. पक्का. ओतलेल्या धातूवर नुसती टिचकी मारून आत पोकळी आहे की नाही सांगणारा. फार हुशार नाही, ढ पण नाही. छापलेलं मन लावून वाचणारा. सांगितलंय तसं करून बघणारा.

"पाणी मिळेल का?" ती म्हणाली.

पाणी आलं. ते पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "या प्रश्नाचं उत्तर मी परवाच देईन," आणि असं म्हणाली की वकीलबाईंना पुढे विचारता आलं नाही. दारापर्यंत सोडायला येताना त्या एवढंच म्हणाल्या, "तसा हा प्रश्न ते विचारतील अशी शक्यता फार कमी आहे. त्यांनाही उत्तर 'नाही' येईल अशीच भीती असणार." ते ऐकून तिच्या जिवात जीव आला. मग त्यांनी त्याला नमस्कार केला. "कंटाळलात ना? तुम्हाला यातलं काही..."

"थोडंफार," तो म्हणाला. "जुनी गोष्ट झाली."

परतताना गाडी तो चालवत होता. रस्त्याचं काम चाललं होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. शेजारच्या गाडीत एक माणूस एकटाच मोठ्यानं गात होता. नवऱ्यानं आपल्या बाजूची काच थोडी खाली केली, गाणं ऐकलं, पुन्हा वर केली.

"काय विचारलं शेवटी?" तो म्हणाला. "तू पाणी मागितलंस तेव्हा."

म्हणजे पाहत होता. तिनं सांगितलं. वकीलबाईंच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता.

त्यानं गाडी दोन हात पुढे घेतली, थांबवली. "मग सांग की नाही म्हणून. मी काय तिथं भुवई दाखवायला येणार आहे?"

"शपथेवर नाही म्हणू?"

"अगं, मी कोण? मालकाला न सांगता एक मूस जाळली. तिथं ना नोंद, ना कागद. विसरून जा. तू पहिली होतीस, मला माहीत आहे, तुला माहीत आहे, परवा जगाला कळेल. माझ्या भुवईपायी ते घालवू नकोस."

तिला एकदम राग आला. त्याचा नव्हे. "मालकाला न सांगता?" ती म्हणाली. "मालकाच्या हातापाया पडून इट्रियम मिळवलंस ना तू? नेहमी तसंच सांगतोस."

"ते पाहुण्यांसाठी." तो समोर बघत होता. "हातापाया पडून तो देणार होता का? माझ्या पगारातून आणलं होतं. चिमूटभर."

हे तिला माहीत नव्हतं. एवढी वर्षं, एवढे पाहुणे, दोघांची वाक्यं ठरलेली, आणि त्यातलं हे एक तिला माहीत नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिनं एक साधी गोष्ट त्याला कधी विचारलीच नव्हती, विचारायची नसतेच असं धरून चालली होती, त्या प्रयोगशाळेत शिकल्याप्रमाणे.

"का पण?" ती म्हणाली. "कशाला ओतलास तू तो? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी म्हणजे? तूच." तो हसला. "लिहिलं होतंस ना. 'झाकण काढले असता धातू शांत राहिला.' शांत राहिला! आमच्याकडे रोज भडका, रोज वाळूच्या बादल्या, एक पोरगा तर हातावर डाग घेऊन घरी गेला होता त्या महिन्यात. आणि हे कुणीतरी लिहितंय की शांत राहिला. मला वाटलं, असं लिहिणारं माणूस खोटं लिहिणार नाही. मग करून बघायला नको?"

"आणि भडकला तेव्हा? तेव्हा वाटलं असेल ना की खोटं आहे. भांडायलाच आला होतास तू."

"भांडायला? छे." मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, त्यानं गाडी पुढे घेतली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तेच विचारायला आलो होतो."

पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडी चालू लागली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानं, पाट्या, एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. मलम लावलेला तो माणूस दोन बस बदलून येतो आहे, मांडीवर अंक, प्रत्येक थांब्याला ती चार पानं पुन्हा उघडतो आहे की आपण कुठे चुकलो, आणि सूत्रात काही चूक असेल असं त्याच्या मनातही येत नाही... आणि दारात आपण हसतो आहोत. सगळ्यांत मोठ्यानं. ज्या प्रश्नासाठी आता दोन कंपन्या आणि काचेच्या खोल्यांतले वकील मिळून डोकेफोड करत होते तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारला होता त्यानं, आणि तोही नेमका, आणि त्याबद्दल त्याला ब्रश मिळाला होता. त्यानं वाचलं ते चुकीचं नव्हतं. कुणीही तसंच वाचलं असतं. म्हणजे, कुणी वाचलं असतं तर.

पण कुणी वाचलंच कुठे होतं?

घरी आल्यावर कोट न काढताच ती खिडकीशी उभी राहिली. ऊन कलतं झालं होतं. स्वयंपाकघरात तो भांडी लावत होता. एकेक पेला उजेडात धरून, पुसून, मग जागेवर. तिनं खिशातली चकती काढली. या चकतीला परवा कुणी विचारणार नाही, ती कुठे छापलेली नाही. अणू मोजून केलेली, शांत राहिलेली, बरोबर. आणि त्याची ती भडकलेली मूस, तिचं काय झालं असेल? वाळूखाली गेली असेल, भंगारात गेली असेल. जगात त्या सूत्राचे दोन धातू ओतले गेले होते, एक तिचा आणि एक त्याचा, आणि आजवर ती फक्त एकाच्याच अभिमानात राहत आली होती. लेखाला वाचकच नव्हते, मॅडम, माफ करा. माफ कशाला? एक होता. पगारातून चिमूटभर इट्रियम विकत घेणारा. छापलेल्या एका वाक्यावर विश्वास ठेवून भडक्यावर वाकणारा. पहिलेपणा काय, तो कितीतरी जणांना मिळतो. उद्या तो पेटंटवाल्यांनाही मिळेल, घेऊ देत. पण असा वाचक कुणाला मिळाला आहे, दाखवा मला.

मग तिला धास्ती वाटली. शक्यता फार कमी आहे, वकीलबाई म्हणाल्या होत्या. दुपारी त्याच वाक्यानं जिवात जीव आला होता आणि आता तेच वाक्य तिला नको झालं. परवा त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही तर? घनतेबद्दल विचारतील, सरांबद्दल विचारतील, आभार मानतील आणि बसा म्हणतील, आणि ती जगात पहिली होऊन घरी येईल, आणि हे सांगायचं राहूनच जाईल... प्रश्न न विचारता मध्येच बोलता येतं का साक्षीत? की आधी फोन करून वकीलबाईंनाच सांगावं? तिला ठरवता येईना. सांगितलं तर काय होईल हे तिला नीट माहीत होतं. पहिलेपणा जाईल, नाव जाईल, वकीलबाई टोपण घालून दुसरीकडे बघतील. कदाचित तिला साक्षीला उभंच करणार नाहीत.

"बाई, चहा?" आतून.

"हो," ती म्हणाली, आणि मग पुन्हा म्हणून पाहिलं, हळू, खिडकीकडे तोंड करून, समोर तो अजून न पाहिलेला वकील उभा आहे असं धरून. "हो. आहे माहीत. एकानं वाचलं होतं. आणि ओतूनही पाहिलं होतं."

ते वाक्य तिच्या स्वतःच्याच कानाला बढाईसारखं ऐकू आलं.